जॉन पील यांच्या स्मरणार्थ क्लबमधली गिग-रात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या पबच्या मागच्या खोलीत किंवा छोट्या क्लबात जॉन पील यांच्या नावाने लाइव्ह संगीताची रात्र भरवणाऱ्यांसाठी, तिथे वाजवणाऱ्यांसाठी आणि पहिल्यांदाच ऐकायला येणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. शिक्षण-नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्नही यात घेतले आहेत. कायद्याच्या बाबी इंग्लंड आणि वेल्सच्या आहेत. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

जॉन पील कोण होते?

बीबीसीचे रेडिओ निवेदक. जन्म ३० ऑगस्ट १९३९, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉलचा. मूळ नाव जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट. अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवर आणि नंतर 'रेडिओ लंडन' या समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या 'चाचा', म्हणजे परवान्याविना प्रसारण करणाऱ्या, केंद्रावर काम करून ते १९६७ साली, बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं तेव्हाच, तिथे आले आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. सुरुवातीच्या निवेदकांपैकी इतकी वर्षं टिकलेले ते एकटेच. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरही त्यांचा कार्यक्रम अनेक वर्षं चालला. रात्री शॉर्टवेव्हचा काटा फिरवणाऱ्या परदेशी श्रोत्यांना त्यांचा आवाज ओळखीचा झाला तो तिथून.

रेकॉर्ड कंपनीने दारात उभं न केलेल्या बँडची कॅसेट ते ऐकायचे आणि आवडली तर देशभर ऐकवायचे. एका गाण्यानंतर कानठळ्या बसवणारा 'नेपाम डेथ' हा बँड, लगेच झिंबाब्वेचे भुंडू बॉइज, मग रेगे, असा त्यांचा क्रम असे. श्रोत्याला काय झेपेल याचा अंदाज बांधून त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

'पील सेशन' म्हणजे काय? गिगशी त्याचा काय संबंध?

बँडला बीबीसीच्या स्टुडिओत, बहुतेक वेळा लंडनच्या मेडा व्हेलला, बोलावायचं. एका दिवसात साधारण ४ गाणी ध्वनिमुद्रित करून मिक्सही करायची आणि ती कार्यक्रमात लावायची. अशी ४,००० हून अधिक सेशन्स झाली, २,००० हून अधिक कलाकारांची. सर्वाधिक, म्हणजे २४, मँचेस्टरच्या 'द फॉल'ची. 'पल्प' या बँडने पहिलं सेशन १९८१ साली शाळकरी वयात केलं आणि दुसऱ्यासाठी त्यांना १२ वर्षं थांबावं लागलं.

या पद्धतीमागे एक व्यावहारिक कारण होतं. बाजारात आलेल्या रेकॉर्ड्स बीबीसीने दिवसात किती तास वाजवायच्या यावर वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांची मर्यादा होती. उरलेला वेळ खास मुद्रित केलेल्या संगीताने भरावा लागे. पील आणि त्यांचे निर्माते जॉन वॉल्टर्स यांनी त्या सक्तीचा उपयोग नव्या बँडना दार उघडण्यासाठी केला. बँडला देशभर श्रोते मिळत, संघटनेच्या दराने मानधन मिळे आणि तयार ध्वनिमुद्रणही होई.

म्हणून आमचा आग्रह असा: रात्रीचा गाभाही तोच ठेवा. कोणी न ऐकलेले बँड, छोटा सेट (एका बँडने सलग वाजवायची गाणी), योग्य पैसे. पील यांची आवडती जुनी गाणी रात्रभर वाजवणारा कव्हर बँड आणला, तर लोक नाचतील, पण पील यांनी ज्यासाठी आयुष्य घातलं ते त्यात औषधालाही नसेल.

तारीख कोणती धरायची?

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पील यांचा शेवटचा कार्यक्रम १४ ऑक्टोबर २००४ ला झाला. त्यानंतर ते पेरूला गेले आणि २५ ऑक्टोबरला कुस्को इथे हृदयविकाराने गेले. पहिला 'जॉन पील डे' बीबीसीने १३ ऑक्टोबर २००५ ला केला आणि त्या दिवशी ५०० हून अधिक गिग झाल्या. पुढचे दोन १२ ऑक्टोबर २००६ आणि ११ ऑक्टोबर २००७ ला झाले. त्यानंतर बीबीसीने अधिकृतपणे तो साजरा केला नाही. गावोगावच्या लोकांनी मात्र आपापल्या जबाबदारीवर गिग चालू ठेवल्या.

हे तिन्ही दिवस गुरुवारचे होते आणि छोट्या जागेला गुरुवार सोयीचाही पडतो: शुक्रवार-शनिवारपेक्षा भाडं कमी, आणि बँड दुसरीकडे अडकलेले नसतात. बुधवार-गुरुवारी युरोपीय फुटबॉलचे सामने असतात, तेवढं वेळापत्रक आधी पाहा. सामना असलेल्या रात्री पबच्या पुढच्या खोलीतला गलका मागे येतो. पील स्वतः लिव्हरपूलचे कट्टर चाहते होते, त्यामुळे त्यांच्या चाहत्यांपैकी बरेचसे त्या रात्री पडद्यासमोरच असतील.

जागा घेण्याआधी मालकाला काय विचारायचं?

सगळ्यात आधी: साउंड लिमिटर आहे का, आणि तो किती डेसिबलला लावलाय? हा प्रश्न विसरल्यामुळे जितक्या रात्री बिघडतात तितक्या दुसऱ्या कशाने बिघडत नाहीत. लिमिटर म्हणजे खोलीतला आवाज मोजणारं यंत्र. मर्यादा ओलांडली आणि काही सेकंद तशीच राहिली की ते स्टेजच्या सॉकेटची वीज तोडतं. छोट्या खोलीत नुसता ड्रमसेट, माइक न लावता, १०० डेसिबलच्या आसपास जातो. लिमिटर ९५ ला असेल तर पहिल्याच गाण्यात अंधार. वीज अशी तुटून परत आली की अँप (वाद्याचा आवाज वाढवणारी पेटी), कीबोर्ड आणि लॅपटॉप यांना धोका असतो. मर्यादा कमी असेल तर दुसरी जागा पाहा किंवा त्या रात्री ड्रमशिवायचे बँड ठेवा. लिमिटरच्या माइकवर कापड बांधणं, त्याच्या बाहेरच्या सॉकेटवरून तार ओढणं असले उद्योग करू नका. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून जागेचा परवानाच जाऊ शकतो.

मग बाकीचे प्रश्न: खोलीची अधिकृत क्षमता, सामान आत आणायची वाट आणि पायऱ्या, पीए (मिक्सर आणि स्पीकरची ध्वनियंत्रणा) जागेचाच आहे की भाड्याने आणायचा, साउंड इंजिनिअर कोणाचा, संगीत किती वाजता बंद, आणि १८ वर्षांखालच्यांना प्रवेश आहे का.

सरकारी परवानगी लागते का?

जागेला दारू तिथेच पिण्यासाठी विकायचा परवाना असेल, प्रेक्षक ५०० पेक्षा जास्त नसतील आणि कार्यक्रम सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत असेल, तर २०१२ च्या लाइव्ह म्युझिक कायद्याखाली आणि नंतरच्या सुधारणांनुसार वेगळा परवाना सहसा लागत नाही. मात्र जागेच्या परवान्यात खास अटी घातलेल्या असू शकतात. तो कागद स्वतः वाचा.

परवाना नसलेला हॉल घेऊन तिथे बार लावायचा असेल, किंवा ११ च्या पुढे जायचं असेल, तर कौन्सिलकडे 'टेंपररी इव्हेंट नोटीस' द्यावी लागते. शुल्क २१ पौंड, माणसं कर्मचारी धरून ४९९ पर्यंत, मुदत कार्यक्रमाच्या आधी किमान १० कामकाजाचे दिवस. नोटीस पोहोचल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस त्यात धरत नाहीत. शनिवार-रविवारही मोजत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात ३ आठवडे आधीच द्या.

गाण्यांच्या हक्कांचा परवाना बहुतेक जागांकडे असतो. तुमच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमासाठी काही वेगळं भरायचं आहे का आणि ते कोण भरणार, हे भाडेकरारात लिहून घ्या.

बीबीसीचं नाव किंवा पील यांचा आवाज वापरता येतो का?

पोस्टरवर बीबीसीचं बोधचिन्ह नको, आणि कार्यक्रम अधिकृत असल्याचा भासही नको. 'जॉन पील यांच्या स्मरणार्थ' एवढं पुरेसं आहे. जुन्या प्रसारणांच्या घरी टेप केलेल्या प्रती चाहत्यांकडे असतात, पण त्या क्लबात लावणं टाळा. सेशन्स ऐकवायची असतील तर 'स्ट्रेंज फ्रूट' या लेबलने १९८६ पासून काढलेल्या रेकॉर्ड्स आहेत, त्या वाजवा.

बँड कसे निवडायचे?

१० आठवडे आधी आवाहन करा. प्रत्येकाकडून फक्त ३ गोष्टी मागा: २ गाणी (मोबाइलवर मुद्रित केलेली चालतील), स्टेजवर कोण काय वाजवतं, आणि कुठून येणार. समाजमाध्यमांवर किती लोक मागे आहेत हे विचारूच नका. दोघांनी स्वतंत्रपणे ऐकावं, प्रत्येक गाणं शेवटपर्यंत, आणि आपापल्या याद्या झाल्यावरच एकमेकांशी बोलावं. एकत्र बसून ऐकलं की पहिल्या मिनिटात कोणीतरी नाक मुरडतं आणि उरलेले त्याच्यामागे जातात.

निवडताना चारही बँड एका जातीचे नकोत. चार गिटारवाल्यांच्या रात्री तिसऱ्याला कोणाचे कान शिल्लक नसतात. एखादा गोंगाटी बँड, एखादा फक्त सिंथेसायझर आणि आवाज, एखादी एकटी गायिका, एखादा कुठल्याच खणात न बसणारा. निदान दोन बँड असे हवेत की ज्यांनी गावात यापूर्वी जवळजवळ वाजवलंच नाही. ८ आठवडे आधी यादी पक्की करा. नकार आलेल्यांनाही कळवा, गाण्याबद्दल एक खरं वाक्य लिहून.

'आमची २० तिकिटं विका, मग वाजवा' ही अट काही ठिकाणी असते. पील यांच्या नावाच्या रात्री ती घालू नका. तिकिटं विकणं हे भरवणाऱ्याचं काम आहे.

पैशाचं गणित कसं बसतं?

उदाहरण घ्या. क्षमता ९०, तिकीट ८ पौंड. भाडं १००, साउंड इंजिनिअर १२०, पोस्टर ३०, बँडचं जेवण-पाणी ४०, म्हणजे खर्च २९०. चार बँडना प्रत्येकी ४५ चा शब्द दिला तर १८०. एकूण ४७०. म्हणजे ५९ तिकिटं विकली गेली की खिशातून काही जात नाही. प्रत्येक बँडला दोन पाहुणे फुकट दिले तर ८ जागा त्यात गेल्या, हे लक्षात ठेवा. ५९ चा आकडा गाठणं अवघड वाटत असेल तर बँड ३ करा, पण दिलेला शब्द कमी करू नका.

निधी एखाद्या संस्थेला द्यायचा असेल तर बँडना निमंत्रणातच सांगा आणि त्यांचा प्रवासखर्च तरीही द्या.

मी स्टुडंट व्हिसावर आहे. अशा रात्री वाजवू शकतो का?

ऐकायला जा, भरवायला हातभार लावा, पण मानधन घेण्याआधी थांबा. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर मनोरंजन कलाकार म्हणून काम करायला आणि स्वयंरोजगाराला मनाई आहे. इथे आठवड्याला किती तास काम चालतं हा मुद्दाच येत नाही. 'फक्त ४५ पौंड' हेही कारण चालत नाही. फुकट वाजवण्याबद्दलही आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. भरवणाऱ्यांनीही निवड पक्की करण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा.

तबला, हार्मोनियम किंवा घरून आणलेली इलेक्ट्रॉनिक वाद्यं चालतील का?

अगदी चालतील. वीज भारतात आणि ब्रिटनमध्ये, दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त पिन वेगळी. अडॅप्टर अर्थिंगवाला आणि आत फ्यूज असलेला घ्या. स्वस्त अडॅप्टरमध्ये अर्थ पुढे जातच नाही, आणि मग घूं-घूं सुरू होते. घूं-घूं थांबवण्यासाठी अर्थची तार काढून टाकणं जिवावर बेततं. त्याऐवजी डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीवरचं) 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबा.

हार्मोनियमला माइक भात्याच्या बाजूने लावू नका, श्वासासारखा आवाज येतो. स्वरांच्या बाजूने, एक हात अंतरावर लावा. तबला-डग्गा ड्रमसेटवाल्या बँडच्या आधी ठेवा. नंतर ठेवला तर कान बधिर झालेल्यांना तो ऐकू येत नाही.

स्टेजवर काय काय लागतं?

१०० माणसांच्या खोलीला १२ इंची दोन स्पीकर, एक सब (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर), १६ चॅनेलचा मिक्सर, गाण्यासाठी ४ माइक, जमिनीवरचे ३ मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) आणि ३ डीआय बॉक्स पुरतात. अशा खोलीत गिटार अँप आणि स्नेअरला (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम) माइक लावायची गरज सहसा पडत नाही. गाणं, किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि कीबोर्ड एवढंच पीएमधून द्या.

ड्रमसेट, बेस अँप आणि एक गिटार अँप सगळ्यांनी मिळून वापरायचे. ड्रमरने स्नेअर, झांजा आणि किकचा पेडल स्वतःचे आणायचे. तुटतात ते हेच भाग, म्हणून ते कोणी उसने देत नाही. ड्रमखाली २ मीटर बाय २ मीटरचा गालिचा घाला, नाहीतर तिसऱ्या गाण्यापर्यंत किक ड्रम पुढे सरकत जातो. एका पेटीत हे ठेवा: जास्तीचे जॅक आणि माइकच्या तारा, अँपच्या पॉवर तारा, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, ३ आणि १३ अँपिअरचे फ्यूज, गिटारच्या तारांचा एक संच, ड्रमची चावी, गॅफर टेप, टॉर्च, आणि फोमचे इअरप्लग.

आधी साउंडचेक (आवाजाची चाचणी) कोणाचा?

शेवटी वाजवणाऱ्याचा आधी, पहिल्याचा सर्वांत शेवटी. म्हणजे दार उघडताना पहिल्या बँडचं सामान जागेवर लावलेलंच असतं. चालणारं वेळापत्रक असं:

४:३० सामान आत. ५:०० ते ५:४० चौथा बँड, ६:०५ पर्यंत तिसरा, ६:२५ पर्यंत दुसरा, ६:४५ पर्यंत पहिला. ७:०० दार. ७:३० ते ७:५० पहिला, ८:१० ते ८:३५ दुसरा, ८:५५ ते ९:२० तिसरा, ९:४५ ते १०:२० चौथा. मग १०:४५ पर्यंत रेकॉर्ड्स. शेवटची १५ मिनिटं मोकळी ठेवा, कारण कुठेतरी ती जाणारच.

पहिल्या बँडचा चेक रखडला म्हणून गाळू नका. सर्वांत नवखे तेच असतात आणि चेकची गरजही त्यांनाच जास्त असते.

माइक शिट्टी का मारतो?

बहुतेक वेळा दोष गायकाच्या हाताचा असतो. माइकची जाळी मुठीत धरली की तो मागचाही आवाज उचलायला लागतो, मॉनिटरचा आवाज त्यात शिरतो आणि चक्र सुरू होतं. माइक दांड्याला धरा, ओठांपासून दोन-तीन बोटांवर. मॉनिटर माइकच्या पाठीमागे ठेवा, बाजूला नको. तरीही शिट्टी आली तर गाण्याचा आवाज वाढवण्याआधी गिटार अँप कमी करा आणि ते तिरपं करून वादकाच्या कानाकडे वळवा. गुडघ्यापाशी असलेलं अँप त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवत राहतो.

दोन बँडच्या मधल्या वेळेत काय वाजवायचं?

रेकॉर्ड्स. २० मिनिटांत ७ इंची ६ सिंगल्स बसतात. पुढच्या बँडशी न जुळणाऱ्या निवडा. टर्नटेबल सबपासून लांब, जड फरशीवर आणि खाली फोम घालून ठेवा, नाहीतर बेसची घरघर सुईतून परत स्पीकरमध्ये येते. घूं-घूं आली तर टर्नटेबलची अर्थची बारीक तार सुटलीय का आणि टर्नटेबल फोनो इनपुटलाच लावलंय का ते पाहा. अमेरिकन किंवा जमैकन सिंगलला मधलं भोक मोठं असतं, त्यासाठी अडॅप्टर जवळ असू द्या.

१२ इंची म्हणजे ३३ चा वेग असं गृहीत धरू नका, लेबल वाचा. १९८३ साली पील हवेत 'भूक लागलीय' म्हणाले, ते ऐकून गायक बिली ब्रॅग मशरूम बिर्याणी घेऊन बीबीसीत थडकले. पील यांनी त्यांचं गाणं लावलं, पण चुकीच्या वेगाने, कारण ती १२ इंची रेकॉर्ड ४५ च्या वेगाची होती. पील यांच्याकडून असं पुष्कळदा व्हायचं आणि ते सरळ सांगून पुन्हा लावायचे. तुम्हीही तसंच करा.

प्रत्येक रेकॉर्डनंतर कलाकार, गाणं आणि लेबल यांची नावं माइकवर स्पष्ट सांगा. नाव कळलं नाही तर आवडलेलं गाणं माणूस शोधणार कसा?

'टीनेज किक्स' वाजवायलाच हवं का?

उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या 'द अंडरटोन्स' या बँडचं १९७८ चं हे गाणं पील यांचं सर्वांत आवडतं. त्यांनी ते कार्यक्रमात लागोपाठ दोनदा लावलं होतं. सफोकमधल्या ग्रेट फिनबरोच्या चर्चच्या आवारात त्यांच्या थडग्यावर त्यातलीच ओळ कोरलेली आहे. लोक वाट पाहतात, त्यामुळे वाजवा, पण शेवटी आणि रेकॉर्डवरूनच. बँडना आधी कळवा, नाहीतर चौघेही तेच बसवून येतात.

या सगळ्यात आशा भोसले कुठून आल्या?

पील यांचे श्रोते १९७६ पासून दरवर्षाअखेर मतं देऊन 'फेस्टिव्ह फिफ्टी' ही गाण्यांची यादी ठरवत. १९९७ साली तिच्यात पहिलं आलं 'कॉर्नरशॉप'चं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. लेस्टरमध्ये सुरू झालेल्या या बँडचं ते गाणं आशाताईंना केलेला मुजरा आहे. त्यात लतादीदी आणि रफीही येतात. डीजे नॉर्मन कुक यांनी त्याचं रिमिक्स केलं आणि ते १९९८ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, पण पील यांच्या श्रोत्यांनी मूळ गाण्याला त्याआधीच मान दिला होता. सांगलीजवळच्या गोरमध्ये जन्मलेल्या गायिकेचं नाव असं त्या यादीच्या माथ्यावर पोहोचलं. मधल्या वेळेत हे गाणं आणि पाठोपाठ आशाताईंची एखादी मूळ रेकॉर्ड लावली तर ते निमित्ताला धरूनच होईल.

पहिल्यांदाच येतोय. काय लक्षात ठेवू?

पहिल्या बँडच्या आधी या. वयाचा पुरावा मूळ कागदाचा आणा. पासपोर्टचा मोबाइलवरचा फोटो दारावर चालत नाही. इअरप्लग घाला, आवाजाची मजा जात नाही. बँड वाजवत असताना बोलायचं असेल तर बारकडे जा. एखादा सेट आवडला नाही तर पुढचा अगदी वेगळा असेल, तेवढं थांबा. आवडला तर बँडच्या टेबलावरून काहीतरी विकत घ्या. ५ पौंडांची कॅसेटसुद्धा त्यांच्या पेट्रोलला उपयोगी पडते, आणि सुट्टे पैसे जवळ असलेले बरे.

रात्र संपल्यावर काय उरतं?

बँडचे पैसे त्याच रात्री, सामान गाडीत चढण्याआधी, मोजून द्या आणि सही घ्या. प्रत्येक बँडकडून वाजवलेल्या गाण्यांची यादी घ्या, गीतकार-संगीतकारांच्या नावांसह. 'पीआरएस'कडे (गीतकार-संगीतकारांचे हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेकडे) ती नोंदवली तर स्वतःची गाणी लिहिणाऱ्या सभासदांना त्यांचे हक्काचे पैसे मिळतात, आणि नव्या बँडना हे बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं. उसना ड्रमसेट मोजून परत करा: स्टँड किती, विंगनट किती. विसरलेल्या तारा आणि पेडलचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या बँडना पाठवा. ज्या बँडला यंदा जागा देता आली नाही पण गाणं मनात राहिलं, त्यांची नावं पुढच्या वर्षासाठी वहीत लिहून ठेवा आणि आवाहनाच्या आधी त्यांनाच पहिलं विचारा.